दारातून गेलेली गडर लाईन

आमच्या नागपुरात सांडपाण्याच्या मोठ्या नळाला गडर लाईन म्हणतात. शहरात राहणाऱ्याला या शब्दाचं काही वाटत नाही. त्यानं पाणी ओतलं, ते गेलं, कुठं गेलं याच्याशी त्याला घेणं नाही. पण कळमेश्वरकडे जाताना शहराची हद्द संपते त्याच्या जरा पुढे आमचा लेआऊट आहे, शेतात प्लॉट पाडून झालेली वस्ती, आणि तिथल्या बायका हा शब्द माहेरच्या माणसाचं नाव घ्यावं तसा घ्यायच्या. गडर लाईन आली म्हणजे असं करू, गडर लाईन आली म्हणजे तसं करू.

आम्ही आधी शहरात, महाल भागात, भाड्याच्या खोलीत होतो. तिथं गडर लाईन होती, पण घर आपलं नव्हतं. मग दोघा भावांनी मिळून हा प्लॉट घेतला, घर बांधलं. घर आपलं झालं, तर गडर लाईन नव्हती. दोघं भाऊ मागेपुढे गेले आणि घरात उरलो आम्ही दोघी जावा. मी लहानी आणि ती मोठी. मी तिला बाई म्हणायची. माझी पोरगी भिवापूरला दिलेली, तिचा पोरगा पुण्याला नोकरीवर. आम्ही दोघी भांडत-तंडत बऱ्या होतो.

संडास मागच्या अंगणात होतं, दोन उंच पायऱ्या चढून, खाली बसायचं. त्याच्या खाली टाकी आणि टाकीला लागून शोषखड्डा. आता आमची जमीन काळी. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, ती आधीच फुगून बसलेली असते. पावसाळ्यात खड्डा तोंडापर्यंत यायचा, मग उपसायची गाडी बोलवायची आणि दिवसभर दारं-खिडक्या लावून बसायचं. ते आम्ही सोसलं. पण बाईचे गुडघे गेले. पायऱ्या चढताना मी मागून धरायची, बसल्यावर उठवायला पुन्हा मीच. ती मला म्हणायची की लहाने, लग्नात तू माह्या पाया पडली होती, आता त्याचं व्याज वसूल करून राहिली मी. आणि हसायची.

एकदा ती पायरीवरून घसरली. पोरगा पुण्याहून आला आणि त्यानं सरळ सांगितलं. घरात, खोलीला लागून, खुर्चीसारखं बसायचं संडास होत असेल तर राहा. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात मी तुला घेऊन जाईन. चुकीचं नव्हतं त्याचं. पण बाईला पुण्याला जायचं नव्हतं. एकदा राहून आली होती ती त्याच्या अकराव्या मजल्यावर. आल्यावर म्हणाली की तिथं माणसाचा आवाजच येत नाही, लिफ्टचा येतो. तिला इथंच राहायचं होतं, या घरात, जिथं तिच्या नवऱ्यानं लावलेलं लिंबाचं झाड होतं आणि भांडायला मी होते. तिचं राहणं त्या एका संडासावर येऊन टेकलं होतं. वाचायला हलकं वाटेल, पण म्हातारपणी माणसाचं राहणं अशाच गोष्टींवर टेकतं.

बरं, खोलीला लागून जागा एकच होती, आणि तिथंच तो खड्डा होता.

त्या हिवाळ्यात बातमी आली की हद्दीबाहेरही गडर लाईन टाकणार. आमच्या लेआऊटासमोरच्या मोकळ्या जागेत मांडव पडला, खुर्च्या आल्या, भोंगा लागला. भूमिपूजन होतं. एक पुढारी येणार होते, लोक त्यांना भाऊ म्हणत. आमच्या शेजारची, तिला आम्ही बाजूची म्हणायचो, भजनी मंडळाची पुढारीण, ती काठाचं पातळ नेसून, कलश घेऊन पुढे उभी. तिच्याच हातून नारळ फुटणार हे तिनं आधीच साऱ्यांना सांगून ठेवलं होतं. आम्ही दोघी मागे, खांबाजवळ. विधवा बाया अशा वेळी कुठं उभ्या राहतात ते कोणी सांगावं लागत नाही.

भाऊंनी इकडे तिकडे पाहिलं. त्यांच्या माणसानं कानात काही सांगितलं. फोटोवाला सरसावला. आणि भाऊ थेट बाईकडे बोट करून बोलले, "माय, समोर या. लेआऊटातलं पहिलं घर तुमचं. नारळ तुमच्याच हातून फोडू."

बाईनं मागे वळून पाहिलं. तिला वाटलं दुसऱ्या कोणाला म्हणताहेत. मग मीच तिला ढकललं पुढे.

नारळ एका फटक्यात फुटला. सरळ दोन वाट्या, पांढऱ्याशुभ्र. पाणी तिच्या पदरावर उडालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला आणि माईकवर सांगितलं की पावसाळ्याआधी गडर लाईन या मायच्या दारातून जाईल. हे शब्द नीट ध्यानात ठेवा. दारातून जाईल, असंच म्हणाले ते. आम्ही ऐकलं, दारात येईल.

खोबऱ्याचे तुकडे बाईनंच वाटले. ताटली घेऊन एकेकीजवळ गेली. सगळ्यांनी खाल्ले. बाजूचीनं तर एक खाल्ला आणि एक घरी सुनेसाठी पदरात बांधून नेला.

घरी आल्यावर बाई पलंगावर बसली, ओला पदर मांडीवर घेऊन. मग बोलली, "लहाने, हे गेल्यापासून मले कोणी शुभ कामाले हात लावू देला नाई. पोराच्या लग्नातई मी आतच होती. आज साऱ्या जगासमोर बोलावलं. आता हे काम खोटं नाई होत."

तिथंच सगळं ठरलं.

दुसऱ्या आठवड्यात तिनं मिस्त्रीला बोलावलं. खड्डा बुजव, टाकी बुजव, त्यावर खोलीला लागून न्हाणी आणि कमोड बांध. मिस्त्री म्हणाला की आधी पाइप तर पडू द्या. मीही तेच म्हणत होते. उन्हाळ्यापर्यंत थांबू, काय बिघडतं. बाईनं आम्हा दोघांकडे असं पाहिलं, जसं काही आम्ही अंगणात थुंकलो. नारळ फुटला न, म्हणाली. जगात कुठंही जा, माणूस कागद पाहील, सही पाहील. आमच्याकडे नारळ फुटला म्हणजे काम झालं. घराची पायाभरणी असो, दुकान असो की बोअर. नारळ फुटल्यावर शंका काढणं म्हणजे अपशकुन.

गाडी येऊन टाकी उपसून गेली. जुनं संडास पाडलं, त्याचाच मलबा खड्ड्यात भरला, वर मुरूम ठोकला. आणि काय सुंदर झाली न्हाणी. निळी फरशी, पांढरं कमोड, धरायला भिंतीत स्टीलचा दांडा. बाई त्या दांड्याला धरून उठून-बसून पाहायची, लहान पोरीसारखी. सांडपाण्याचा पाइप घराखालून पुढे आणून त्याचं तोंड रस्त्याकडे काढलं आणि त्यावर टोपण बसवलं. गडर लाईन आली की टोपण काढायचं आणि जोडायचं, इतकंच काम उरलं होतं. तोवर बाजूचीच्या अंगणातलं बाहेरचं संडास वापरायची सोय झाली. ती आपणहून म्हणाली होती, हे खरं सांगायला पाहिजे. या न बाई, त्यात काय, आता साऱ्यांचीच लाईन येऊन राहिली.

होळीनंतर मशीन आलं. रस्ता खणत खणत आमच्या दारासमोरून गेलं. एवढाले पाइप उतरले, की त्यात माणूस वाकून चालेल. आमच्या फाटकासमोर चेंबर बांधलं, त्यावर लोखंडी झाकण बसलं. बाई रोज खुर्ची टाकून पाहायला बसायची, मजुरांना पाणी द्यायची. झाकण बसलं त्या दिवशी तिनं त्याला हळदीकुंकू वाहिलं. बाजूचीनं ते आपल्या खिडकीतून पाहिलं.

मग मी कामावरच्या इंजिनिअरला विचारलं की आमची जोडणी कधी. तो पोरगा चांगला होता, हसतमुख. म्हणाला, "आजी, ही लाईन पुढच्या टाऊनशिपची आहे. मधे कोणाले जोडणी नाई."

आमच्या पुढे, शेतं होती तिथं, कोण्या बिल्डरनं उंच उंच इमारती उभ्या केल्या होत्या. मी म्हटलं की बाबू, ती टाऊनशिप तर आमच्याही पलीकडे आहे, तीही हद्दीबाहेरच. तो म्हणाला की हो, पण त्यांना हद्दीबाहेरची परवानगी आहे. मी म्हटलं, आम्हीही हद्दीबाहेरचेच आहो न. तो म्हणाला की तुम्ही नुसतेच हद्दीबाहेर आहात. आणि खरंच त्याला हे सांगताना वाईट वाटत नव्हतं, कारण त्यात त्याला काही वाईट दिसतच नव्हतं. मी विचारलं की मग नारळ आमच्या दारात काहून फोडला. तो म्हणाला, इथं मांडवाला मोकळी जागा होती म्हणून.

लेआऊटातली माणसं भाऊंकडे जाऊन आली. भाऊंनी साऱ्यांना चहा पाजला आणि सांगितलं की मी दारातून जाईल म्हटलं होतं, गेली की नाही? शब्दाचा पक्का माणूस.

आता राग निघायला कुठंतरी जागा लागते. भाऊंवर राग काढून फायदा नाही, ते पुन्हा लागतात. बिल्डर कोणी पाहिलेला नाही. सगळ्यांच्या टाक्या होत्या, खड्डे होते, नुकसान तसं कोणाचंच झालं नव्हतं, एक बाई सोडून. पण आशा लागली होती, ती मोडली. आणि एक दिवस भजनाला आम्ही दोघी गेलो तर गाणं चालू असताना बाया सरकल्या. बाईच्या दोन्ही बाजूला जागा झाली. बाजूचीनं आरतीचं ताट बाईसमोरून न थांबता पुढे नेलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणातल्या संडासाला कुलूप होतं.

मी मिस्त्रीला परत बोलावलं. त्यानं फिरून पाहिलं. नवी टाकी बसायला जागा एकच होती, समोर बोअरला चिकटून. तिथं टाकी म्हणजे आपलंच आपण पिणं. मग त्यानंच सुचवलं की बाजूचीची टाकी मोठी आहे, आपल्या भिंतीला लागूनच आहे, हातभर पाइप टाकला की काम झालं. बाईचं राहणं त्या हातभर पाइपावर आलं.

आम्ही दोघी गेलो विचारायला. बाईनं बरणीभर लिंबाचं लोणचं घेतलं होतं सोबत. बाजूचीनं आम्हाला बसा म्हटलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. तिची सून दारात उभी होती, तीच जिच्यासाठी खोबरं पदरात बांधून नेलं होतं. मग बाजूची अगदी शांतपणे, भाजीचा भाव सांगावा तशी, बोलली.

"बाई, तुम्ही एकदा नारळाले हात लावला, त साऱ्या लेआऊटाचं काम अडलं. आता आमच्या टाकीले नका लावू."

मी उठले. मला काय काय बोलायचं होतं. खाताना गोड लागलं होतं का खोबरं, विचारायचं होतं. मीही विधवाच आहे, माझ्या हातची पुरणपोळी तुमच्या घरी कशी चालते, हे विचारायचं होतं. पण बाईनं माझा हात दाबला. ती उठली, दांड्याला धरावं तशी मला धरून, आणि म्हणाली, बरं. एवढंच. लोणच्याची बरणी तिथंच राहिली. ती बरणी नंतर धुऊन परत आली, रिकामी. लोणचं चाललं त्यांना.

त्यानंतरचं सांगायला नको वाटतं, पण सांगते. प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडलं आणि खाली बादली ठेवली. मी उजाडायच्या आत ती मोकळ्या प्लॉटवर नेऊन, खड्डा करून, माती लोटून यायची. टाऊनशिपवाल्यांनी तिकडून मोठा दिवा लावला होता, त्याचा उजेड थेट त्या प्लॉटवर. एकदा त्यांच्या वॉचमननं शिटी वाजवली. आजी, यहाँ गंदगी मत करो, म्हणाला, साहेब लोक फिरायला येतात. त्याच्या साहेबांची सगळी घाण माझ्या पायाखालून शहराकडे जात होती, आणि शिटी माझ्यासाठी होती.

बाईनं बादलीकडे पाहणं टाळलं, माझ्याकडे पाहणं टाळलं. जिनं आयुष्यात मला कधी तिचं उष्टं ताट उचलू दिलं नाही, तिची बादली मी नेत होते. मग तिनं तिच्या परीनं उपाय काढला. तिनं पाणी पिणं सोडलं. नागपूरचा मे महिना, कूलरमधलं पाणीसुद्धा हाताला चटके देतं, आणि ही ओठ ओले करून गिलास खाली ठेवायची. जेवणही अर्ध्या पोळीवर आणलं. मी रागावले, हातापाया पडले. म्हणाली, "तुले किती नेऊ लावू वं. कमी गेलं म्हणजे कमी निघते."

लघवीच्या जागी आग सुरू झाली, ताप आला. डॉक्टर म्हणाला, आजी पाणी प्या, भरपूर प्या. बाईनं मान हलवली आणि घरी येऊन पुन्हा तोंड शिवलं.

पावसाळा लागला आणि टाऊनशिपची लाईन शहराच्या बाजूला कुठंतरी चोक झाली, तुंबली. मी सकाळी उठले तर वास. दार उघडलं तर फाटकासमोरचं चेंबर उकळत होतं. झाकण, जे बाईनं पुजलं होतं, ते एका बाजूला उचललं गेलं होतं आणि काळं पाणी आमच्या अंगणात येत होतं. आमचं घर सगळ्यात खाली. अंगणातून त्यानं आमच्या पाइपाचं तोंड गाठलं. टोपण कधी निघालं देवाला माहीत. मी आत धावले. नव्या न्हाणीच्या जाळीतून बुडबुडे येत होते आणि काळं पाणी वर येऊन त्या निळ्या फरशीवर पसरत होतं. ज्या न्हाणीत बाई एकदाही गेली नाही, तिथं पलीकडच्या साहेब लोकांचं सगळं आलं होतं.

बाई पलंगावर उठून बसली होती. दारातून तिला सगळं दिसत होतं. आणि ती हसायला लागली. मी घाबरले.

"आली वं लहाने," म्हणाली. "लाईन आली."

लेआऊटातल्या बाया आपापल्या गच्चीवरून, नाकाला पदर लावून पाहत होत्या. बाजूचीच्या घराचा ओटा उंच, तिच्याकडे थेंब गेला नाही. ती कोणाला तरी सांगत होती, मला स्पष्ट ऐकू आलं, की पहा, जिथं हात लागला तिथंच फुटलं. टाऊनशिपचे लोक आले, मशीन लावलं, लाईन मोकळी केली, झाकण नीट बसवून गेले. अंगण आमचं आम्ही धुतलं.

पोरगा त्याच रविवारी आला. त्यानं न्हाणीचं दार उघडून पाहिलं आणि लावून घेतलं. मग आईचे कपडे भरायला लागला. काकू तुम्हीही चला, म्हणाला मला, मनापासून म्हणाला. पण मी भिवापूरला पोरीकडे जाऊन-येऊन राहीन म्हटलं, कोणीतरी घर सांभाळायला पाहिजे. बाईनं विरोध केला नाही. मला वाटलं होतं की ती पलंगाच्या दांडीला धरून बसेल. तिनं स्वतःच चप्पल मागितली.

गाडी फाटकाशी उभी, नेमकी त्या झाकणावर. बाईला मागच्या सीटवर बसवलं, पाठीला उशी दिली. आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघताना घरातल्या मोठ्या माणसाच्या हातून गाडीसमोर नारळ फोडतात. घरात मोठी तीच होती. मी नारळ आणला आणि खिडकीतून तिच्यासमोर धरला. म्हटलं, बाई, हात तर लावा, मी फोडते.

तिनं दोन्ही हात पटकन पदराखाली घेतले. पोरं मार खाताना घेतात तसे.

"माह्या हातानं नको वं," म्हणाली. "गाडी अर्ध्यात थांबन."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. वाटलं, टोमणा मारते आहे, बाजूची खिडकीत उभी होती तिला ऐकवायला. नाही. ती खरंच म्हणत होती. इतके दिवस मी समजत होते की ते लोक बोलतात आणि ही सोसते. तिनं ते घरात आणून ठेवलं होतं, आपलं म्हणून.

नारळ मीच फोडला. विधवेच्याच हातचा. गाडी कुठं थांबली नाही, संध्याकाळी पोराचा फोन आला की नीट पोहोचलो.

नारळ चांगला निघाला होता, आतून पांढरा, गोड. प्रसादाचं खोबरं वाटायचं असतं, एकटीनं खाऊ नये म्हणतात. बाजूची ओट्यावर येऊन उभी राहिली होती, हात पुढे करायच्या बेतानं. मी दोन्ही वाट्या घेऊन घरात गेले, दार लावलं आणि सगळं खोबरं एकटीनं खाल्लं.